खाडीकाठच्या गावाला ताजी फुले कोण पोहोचवणार?

सावित्रीच्या काठावरील म्हाप्रळ, आंबेत यांसारख्या गावांतील कित्येक घरांची कर्ती माणसे मुंबईत, आखाती देशांत किंवा त्याहून दूर आहेत. बहिणीचा निकाह ठरतो, आई इस्पितळातून घरी येते, भावाला मुलगी होते आणि यांना रजा मिळत नाही. पैसे पाठवणे सोपे आहे, फुले पाठवणे अवघड. ऑनलाइन दुकानात गावाचा पिनकोड टाकला तर बहुधा सेवा नाही असे उत्तर येते. ऑर्डर घेतलीच तर पुठ्ठ्याच्या खोक्यातून कोमेजलेले गुलाब येतात, तेही निकाह उरकल्यावर. आमच्या मते हा धंदा बड्या कंपन्यांचा नाहीच. तो महाड, मंडणगड, खेड येथील फुलवाल्याचा आहे. त्याने तो अजून अंगावर घेतलेला नाही, इतकेच.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील फुलवाल्यांनी 1910 साली तारेने एकमेकांच्या ऑर्डरी पुऱ्या करण्यासाठी संघटना काढली. त्यात फुले प्रवास करीत नसत, निरोप प्रवास करी. एका गावचा दुकानदार पैसे घेई, आपली दलाली ठेवून बाकी रक्कम दुसऱ्या गावच्या दुकानदाराला देई आणि तो आपल्याकडची ताजी फुले घरपोच करी. आपल्याकडची तारसेवा 2013 साली बंद झाली, पण खिशात मोबाईल असताना तारेवाचून कोणाचे अडले आहे? दादरच्या किंवा भेंडीबाजारच्या फुलवाल्याने ऑर्डर घ्यावी, मंडणगडच्या फुलवाल्याने पुरी करावी. दोघांची दलाली आधी ठरलेली असावी, नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण.

आता मालाविषयी. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि रात्री उमलतात. दुसऱ्या दिवशी त्यांत काही राहत नाही. म्हणून मोगरा जवळच्या वाडीतलाच हवा. झेंडू, शेवंती, गुलछडी प्रवास सोसतात. मुंबई-पुण्याकडून येणारा गुलाब अर्धवट मिटलेला घ्यावा, देठ तिरपा कापून लगेच पाण्यात ठेवावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हंगामात फुलांची टोपली आंब्याच्या पेट्यांशेजारी किंवा केळ्यांच्या घडाजवळ ठेवली जाते. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो फुले लवकर कोमेजवतो. मग दोष उन्हाला दिला जातो.

रस्त्याचा भरवसा मात्र कोणी छातीठोकपणे देऊ नये. महाडजवळील सावित्रीवरचा जुना पूल ऑगस्ट 2016 मध्ये वाहून गेला. जुलै 2021 च्या पुरात महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा बुडाल्या. पावसाळ्यात ऑर्डर घेताना रस्ता बंद झाल्यास पैसे परत, हे आधीच सांगावे. पोहोचवण्याचे भाडेही फुलांच्या किमतीत लपवू नये. एका गुच्छासाठी रिक्षा पाठवणे परवडत नाही, म्हणून निकाहाचे सेहरे, हार आणि गाडीची सजावट यांची ऑर्डर मुख्य धरावी व गुच्छ त्याच फेरीत द्यावेत.

आगाऊ पैसे घेऊन पुढे माल देण्याचा व्यवहार आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. बैए सलममध्ये मालाचा प्रकार, माप आणि मुदत आधी पक्की करावी लागते. फुलांच्या बाबतीत नेमके येथेच पाणी मुरते. लाल गुलाब सांगितले आणि बाजारात मिळाले नाहीत, तर दुकानदार गुपचूप जरबेरा घालतो. दूर बसलेल्याला काय कळणार, असा त्याचा हिशेब. पण गावातली खाला त्याच रात्री फोनवर सगळे सांगते! बदल करायचा तर आधी फोन करावा आणि फुले निघण्यापूर्वी त्यांचा फोटो पाठवावा. एवढ्याने निम्मी कटकट मिटेल.

यात रोजी एकट्या दुकानदाराची नाही. सेहरा गुंफणारे कारागीर लग्नसराई संपली की रिकामे बसतात. घरी राहून गजरे ओवू शकणाऱ्या बायका प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. परसात दहा-बारा मोगरे लावायला जमीनही फार लागत नाही. पहिल्या वर्षी चार-पाच गावांपुरतेच काम घ्यावे, तेही जिथे आपली फेरी सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकते तिथेच.