‘गडचिरोलीला पाठवीन!’ची कुळकथा

सरकारी कचेरीत साहेबांचा आवाज चढला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गडचिरोलीला पाठवीन!’ पुढे काही सांगावे लागत नाही. ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ या जुन्या शब्दप्रयोगाचा हा थेट वारस. अंदमानच्या कैद्याला समुद्र ओलांडावा लागे. बदलीवर निघालेला कर्मचारी ब्रह्मपुरी सोडून वैनगंगा ओलांडतो आणि वडसा स्थानकावर उतरतो.

या धमकीची पाळेमुळे 1980 च्या दशकात आहेत. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याबरोबर नवी पदे आली; पण त्याआधीच, 1980 मध्ये, आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमे जंगलात शिरली होती. पुढे शासनाने 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयाने नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी दिली. सवलत रास्तच होती. पण तिथे जाणे म्हणजे भरपाई देण्याजोगे संकट, यावर सरकारी शिक्काही बसला.

गंमत अशी की, कायद्याच्या दृष्टीने बदली ही शिक्षाच नव्हे. शिस्त व अपील नियम, 1979 मधील शिक्षांच्या यादीत तिला स्थान नाही. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानेही मुदतपूर्व बदलीसाठी कारणे लेखी नोंदविणे बंधनकारक केले. धमकी मात्र तोंडी असते. तिची नोंद कुठेच होत नाही.

शिवाय ही धमकी भूगोल जाणत नाही. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे भातशेतीच्या मुलखातले रेल्वेचे गाव आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांचे माहेरघर. येथून भामरागड दोनशे किलोमीटरहून दूर. तरी धमकी देणाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीसह साठ नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत शरणागती पत्करली. त्याच वर्षी जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले होते. एवढे घडूनही वाक्प्रचाराची धार तशीच आहे.

त्याचा खरा मार बदली झालेल्यावर बसत नाही. शिक्षा म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या आदेशाची वाट पाहतो आणि ती वाट पाहण्याची किंमत आरोग्य केंद्रातला रुग्ण व आश्रमशाळेतला विद्यार्थी मोजतो. आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या वडशाच्या कर्मचाऱ्याला म्हाताऱ्या आईवडिलांसाठी गावाकडे यायचे असेल, तर विनंती अर्जात त्याला तेच नाव लिहावे लागते, ज्याने शेजारच्या टेबलावरचा सहकारी घाबरतो.