मोकळा रस्ता

फेब्रुवारीतली गोष्ट. कोल्हापूरला भाचीचं लग्न आटोपून आम्ही दोघं रात्रीच पुण्याला निघालो. मेहुण्यांनी मुक्कामाचा आग्रह केला; पण साठी उलटली की माणसाला स्वतःच्या अंथरुणाची ओढ फार. सातारा मागे पडला तेव्हा अडीच वाजत आले होते. सौ. शेजारी गाढ झोपली होती. पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही. असा रस्ता दिसला की पाय आपोआप जड होतो.

आठ दिवसांनी मोबाइलवर चलन आलं. मर्यादा ६०, वेग ८८, दंड दोन हजार रुपये. सोबत फोटो. काळोखात आमची गाडी अन् तिची नंबरप्लेट, बाकी काही नाही. मी तो फोटो सौ.ला दाखवला. म्हटलं, "बघ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. धोका कुणाला होता?"

"अहो, मी होते ना शेजारी," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

चलनावर हरकत घेण्याची सोय असते. मी कागद घेऊन बसलो. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला अर्जाची भाषा काय शिकवायची! त्यातून कादंबऱ्या लिहितो, म्हणजे आपल्या पात्राची बाजू लढवण्याची सवय. मुद्देही सुचले. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता रात्रभर फिरतात, त्या कॅमेऱ्याला का दिसत नाहीत? ज्याची नंबरप्लेट धड, तोच सापडतो. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. दिवा नसलेल्या ट्रॉलीला रात्रीच थांबवायला माणूस लागतो. वेग मोजायला यंत्र पुरतं. सोपं काम आधी होतं, हे सरकारी काय अन् बँकेतलं काय, सगळीकडे सारखंच. १८९६ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला दोन मैलांच्या हद्दीत ताशी आठ मैलांनी मोटार हाकल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला होता. त्याला पकडायला पोलीस निदान सायकलवरून धापा टाकत गेला होता!

पण 'ट्रॉली' हा शब्द लिहिला आणि हात थांबला.

१९९४ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. आमचे शिपाई गळिताच्या दिवसांत, रात्री उशिरा, मोटारसायकलवरून गावी चालले होते. वाटेत आस मोडलेली उसाची ट्रॉली उभी होती. दिवा नाही, मागे ठेवायला चार दगडदेखील नाहीत. त्यांना ती दिसली तेव्हा ब्रेक लावण्यापुरतंही अंतर उरलं नव्हतं. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे कागद मीच तयार केले. त्यांची बायको सह्या करायला आली. दहा-बारा ठिकाणी सही करायची होती. तिनं प्रत्येक सही सावकाश, अक्षर लावून केली. शेवटचा कागद सरकवताना विचारलं, "साहेब, रस्ता तर मोकळा होता म्हणत्यात. मग कसं झालं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आता अर्जाच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. ताशी ८८ म्हणजे सेकंदाला साडेचोवीस मीटर. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तरुण माणसाचाही एक सेकंद जातो. माझे डोळे तर मोतीबिंदू काढलेले. त्यानंतर गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर. म्हणजे जवळजवळ सत्तर मीटर. ६० च्या वेगाला हेच काम पस्तीस-चाळीस मीटरमध्ये होतं. डिपरवर चालवताना सत्तर मीटरवरची काळी, बिनदिव्याची ट्रॉली मला दिसली असती? हिशेब दोनदा तपासला. बँकेतली सवय. फरक निघाला नाही.

रस्ता मोकळा होता असं मी म्हणत होतो. मला दिसत होता तेवढा मोकळा होता, एवढंच मी शपथेवर सांगू शकलो असतो. त्यापुढचा काळोख मी हिशेबात धरलाच नव्हता, आणि शेजारी ती झोपली होती.

हरकतीचा अर्ज फाडला. दंड भरला. ट्रॉल्यांबद्दलचं पत्र मात्र वेगळं लिहून जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. अजून पोच नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा त्याच रस्त्यानं रात्री आलो. ६० ची पाटी आली, काटा ६० वर आणला. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. सौ. जागी झाली. "काय झालं हो?"

"काही नाही. झोप तू."