अठरा तास आणि आठ तास

एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होतो. पहाटे सहाला त्रिशरण-पंचशील घेऊन बसलेली मुले रात्री बारालाच वही मिटतात. डीजेच्या भिंतीपुढे नाचण्यापेक्षा बाबासाहेबांना हे अभिवादन शतपटीने चांगले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु बंधू-भगिनींनो, जयंतीचा एक दिवस ठीक आहे. अलीकडे आपली मुले हा आकडा रोजच्या आयुष्याला लावू पाहत आहेत. मोबाईलवर कोणी पहाटे चारला उठायला सांगतो, कोणी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायला सांगतो. त्याला ती ‘प्रॉडक्टिव्हिटी’ म्हणतात. म्हणजे थोडक्या वेळात जास्तीत जास्त काम उरकणे. यात आपल्या कामाचे काय आहे आणि आपल्या अंगावर येणारे काय आहे, हे एकदा तपासून पाहावे असे वाटले.

आधी जमेची बाजू. वेळेचा हिशेब ठेवण्याने मोलमजुरी करणाऱ्या माणसाचा जितका फायदा होतो तितका शेटजीचा होत नाही. शेटजीचा एक दिवस वाया गेला तर त्याचे काही बिघडत नाही, आपला दिवस गेला म्हणजे रोज बुडाला. कारकुनी टेबलावर उभी हयात गेल्याने मी हे रोज पाहतो. मुलगी बारावीला गेली की बाप जातीच्या दाखल्यासाठी धावाधाव सुरू करतो. सातपूरच्या कंपनीतून खाडा करून येतो, तेव्हा कळते की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो गावाकडच्या शाळेत. दुसरा खाडा करून गावी जातो, तर मुख्याध्यापक रजेवर. तिसऱ्या खेपेला आजोबांचा दाखला मिळतो, पण त्यावरचे आडनाव आणि मुलीच्या दाखल्यावरचे आडनाव जुळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, म्हणजे चौथा खाडा. पुढे जात पडताळणी आहे ती वेगळीच. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती निवेदने गेली! आणि ते मिळालेले हक्क आपण एका झेरॉक्सवाचून लटकत ठेवतो.

म्हणून माझे सर्व माता-भगिनींना सांगणे आहे की पोर सातवी-आठवीत असतानाच एक जाड पुठ्ठ्याची फाईल करा. आजोबा, वडील, चुलते यांचे शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, आधार कार्ड, असेल तर चुलत भावंडाचे वैधता प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आत्ताच हेरून ठेवा. या एका कामाला दोन रविवार लागतील, पण त्याने चार-पाच खाडे वाचतात. व्यवस्थितपणा हा काही वरच्या जातींचा मिरासदारी गुण नाही.

अभ्यासाचेही तसेच. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत बसत, दोनला मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. जागा एक आणि माणसे अनेक, तेव्हा त्यांनी रात्रच वाटून घेतली. पुढे लंडनला बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना जात आणि दार बंद होताना बाहेर पडत. पैसा मोजका, मुदत मोजकी. १९२१ ला एम. एस्सी., १९२३ ला डी. एस्सी. आणि त्याच काळात बॅरिस्टरी. हे सारे वेळेच्या काटेकोर हिशेबाशिवाय झाले असते काय?

आपण ही गोष्ट भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्यातला एक भाग मात्र गाळतो. दोन वाजेपर्यंत जागा राहणारा बाप आपण गाळतो आणि इकडे संसार ओढणारी रमाई गाळतो. चार लेकरे या माउलीने गमावली. अठरा तासांच्या त्या अभ्यासाखाली तिच्या कष्टांचे किती तास गाडलेले आहेत, ते कुठल्या वहीत लिहिले आहेत? बाबासाहेबांना त्याची जाणीव होती. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

आज आपल्या घरात काय चालते? मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो म्हणून भिंतीवर त्याचे वेळापत्रक असते. आई पहाटे नळाच्या वेळेला उठते, डबे करते, चार घरची धुणीभांडी उरकून येते, दुपारी पापड लाटते, संध्याकाळी पुन्हा चूल. तिचे वेळापत्रक कुठल्या भिंतीवर आहे? पोराचा वेळ वाचतो तो बहुतेक वेळा तिच्या वेळातून. बहिणीचेही तेच. बहीण-भाऊ दोघे दहावीला, पण पाहुणा आला की उठायचे तिनेच. अशा घराने कार्यक्षमतेच्या गप्पा मारू नयेत. भावाने आपले ताट धुतले आणि पाणी भरले तर बहिणीच्या वाट्याला रोज पाऊण तास येतो. वर्षाचे गणित वाचकांनीच करून पाहावे.

आता नावेची बाजू, आणि इथे मला थोडे अधिक बोलायचे आहे. स्वतःसाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय मागितले? जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४५ साली, कारखान्यातील कामगारांना भरपगारी वार्षिक सुटीची तरतूद झाली. १९४६ साली कारखाना कायदा दुरुस्त होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगार जास्त राबला तर देशाचे उत्पादन वाढेल, असे सांगणारे त्याही वेळी होते. माणूस घरी जावा, त्याने चार अक्षरे वाचावीत, लेकरांत बसावे, संघटनेच्या सभेला यावे, यासाठी तास कमी हवे होते. त्याही आधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी झगडून मिळवली, तो दिवस १० जून १८९०. आज आपण रविवारी विहारात वंदनेला जमतो ती सुटी आकाशातून पडलेली नाही.

तेव्हा अठरा तास कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या ज्ञानासाठी घेतलेले अठरा तास आणि दुसऱ्याच्या नफ्यासाठी घेतलेले अठरा तास एका तागडीत घालता येत नाहीत. २०२३ साली इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला, तेव्हा आमच्या वस्तीतली काही शिकलेली मुलेही माना डोलावत होती, “बाबासाहेब नाही का अठरा तास...” अरे, बाबासाहेबांनीच तर ते ४८ वर आणले! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा देणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, वरच्या कामाला ओव्हरटाइम मिळेल, असे सांगितले गेले. कागदावर ठीक आहे. पण कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय चीज असते ते अंबड-सातपूरच्या गेटवर पहाटे उभे राहिले की कळते. नाही म्हणणाऱ्याला उद्या गेटपास मिळत नाही.

आमच्या गल्लीतला एक पदवीधर मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवणाची पार्सले पोचवतो. कंपनीचे नाव घेत नाही. गंगापूर रोडवरून इंदिरानगरला किती मिनिटांत पोचला हे त्याचा मोबाईल मोजतो. पावसाळ्यात घसरून त्याचा गुडघा फुटला, तरी आधी त्याने पार्सल पोचवले आणि मग दवाखाना गाठला. त्याच्याइतका वेळेचा काटेकोर माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. परंतु त्यातला एक तासही त्याच्या मालकीचा नाही. गेल्या वर्षी भरतीची पुस्तके त्याने भावाला देऊन टाकली.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पोरे परीक्षेत नापास झाली की स्वतःलाच दोष देतात. “काका, मी रोज अकराच तास बसलो, तिथेच चुकलं,” असे एकाने मला रडत सांगितले. जागा मूठभर आणि बसणारे लाखोंनी, तिथे आणखी सात तास बसून जागा वाढणार आहेत काय? भरती का निघत नाही, कायमच्या जागेवर कंत्राटी माणूस का बसतो, हे विचारायचे सोडून मुलगा स्वतःच्या झोपेवर कुऱ्हाड चालवतो. मी त्याला म्हटले, “अभ्यास सोडू नकोस, पण येत्या मोर्चालाही ये.” तो आला, हे सांगायला आनंद वाटतो.

भगवान बुद्धांच्या काळी सोण नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंताचा लाडका मुलगा, पाय कोवळे. साधनेत त्याने चंक्रमण इतके केले की तळपाय फुटून वाट रक्ताने भरली. तरी मन शांत होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोण म्हणाला, नाही. मग वीर्यही तसेच सम ठेव, असे भगवंतांनी त्याला सांगितले. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, त्यातल्या ‘सम्यक’ शब्दावरून आपण घाईने पुढे सरकतो.

आणि हेही नाशिककरांनी आठवावे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर बसवली गेली. मग दुसरी, मग तिसरी. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा वर्षानुवर्षे तगवला तो पाळ्या लावून, एकेकाला झिजवून नव्हे.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत यंदा यावरूनच वाद झाला. जुने उपासक म्हणतात, अठरा म्हणजे अठरा, त्यात तडजोड नको. मुलींच्या आया म्हणाल्या, रात्री बाराला पोरींना घरी कोण आणणार, आणि घरचे काम त्या दिवशी कोण करणार? शेवटी असे ठरले की १४ एप्रिलचा कार्यक्रम सलग अठरा तासांचाच राहील, पण त्या दिवशीचा स्वयंपाक आणि पाणी वस्तीतले बाप्ये करतील, आणि रात्री मुलींना घरी पोचवायला चार जणांची नावे फळ्यावर लिहिली जातील. बाकी वर्षभर अभ्यासिका रात्री साडेदहाला बंद होईल. त्यानंतर दिवा सुरू दिसला तर मी स्वतः येऊन मालवणार आहे. फाईल तयार करण्यासाठी ज्यांना मदत हवी त्यांनी रविवारी वंदनेनंतर मूळ दाखले घेऊन यावे. झेरॉक्सचे पैसे मंडळ देईल. फळ्यावर स्वयंपाकासाठी अजून सहा नावे कमी आहेत.

जयभीम.