घरचीच आहे, मग फी कसली?



माझी पुतणी सीए आहे. जुलै संपत आला की ती रात्री एक-एक वाजेपर्यंत जागी असते. ३१ तारखेच्या आत रिटर्न भरायचं, म्हणून अख्ख्या नात्यागोत्याचे फॉर्म १६ तिच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. सोबत एकच ओळ: "घरचीच आहेस, बघ जरा." मुदत चुकली तर सरकारचं ५,००० रुपयांपर्यंतचं विलंबशुल्क हीच माणसं मुकाट्यानं भरतात. पुतणीची फी मात्र कुणाला आठवत नाही.

यंदा मीही तेच केलं. काम झाल्यावर "किती द्यायचे गं?" असं नुसतं तोंडदेखलं विचारलं. ती म्हणाली, "असू दे, काकी." मीही असू दिलं. संध्याकाळी सामायिकाला बसले, तेव्हा ते टोचू लागलं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चोरीची व्याख्या आहे: न दिलेलं घेणं, अदत्तादान. त्याच अध्यायात दान म्हणजे अनुग्रहासाठी स्वतःच्या वस्तूचा त्याग. म्हणजे तिनं आपणहून सूट दिली तर ते तिचं दान. आपण भिडेला घालून घेतली तर? भिडेपोटी निघालेलं "असू दे" म्हणजे देणं नव्हे.

लोक म्हणतात, नात्यात हिशेब आला की माया आटते. मला उलटंच दिसतं. फुकट कामं उपसून माणूस थकतो, मग आपला फोन बघून त्याच्या कपाळाला आठी पडते. माया तिथं आटते. खरोखर अडचणीतल्या नातेवाइकाकडून पैसे घ्यायचे की नाही, हे तिनं ठरवावं. आपण ऐपतीच्या माणसांनी अडचणीतल्यांच्या रांगेत का उभं राहायचं?

दशलक्षण पर्वात कलशाची ११,००० ची बोली आपण सर्वांदेखत बोलतो. उत्तम शौचाच्या दिवशी लोभावरचं प्रवचन ऐकून मान डोलावतो. आणि घरच्या लेकीचे दोन हजार देताना हात आखडतो. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नसतं ना!

तेव्हा बायांनो, काम सांगण्याआधी फी विचारा आणि पूर्ण द्या.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण फी पाठवली. तिनं पाचशे परत पाठवले. ते मात्र मी आनंदानं ठेवून घेतले. कारण ते तिनं दिले होते.