मुका झालेला हॉर्न

शारजाच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या जुन्या हायलक्स पिकअपचा हॉर्न मुका झाला. वार्षिक तपासणी तोंडावर होती. त्याहून मोठी धास्ती होती ती पहाटे अंधारात सायकलवरून कामावर जाणाऱ्या बांधवांची. एका गॅरेजने सारी वायरिंग बदलण्यास सांगितले. आम्ही आधी स्वतः पारखायचे ठरविले. फ्यूज शाबूत होता. कळ दाबताच रिले टकटकत होता. अर्थात स्टिअरिंगवरील कळ निर्दोष होती. मग कळ दाबून धरली आणि हॉर्नच्या पट्टीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तार लावली. हॉर्न गरजला! दोष केवळ अर्थिंगचा होता. खाऱ्या, दमट हवेने बोल्टखाली गंज धरला होता. तो सँडपेपरने घासून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. दुसऱ्या पहाटे वळणावर हॉर्न वाजविला. एक सायकलस्वार वेळीच बाजूला झाला.