स्फोटाची मर्यादा आणि कामगाराचा अधिकार

कारखान्यात स्फोट झाला की व्यवस्थापनाच्या तोंडी एकच शब्द असतो : दुर्दैव. जणू वायू आपल्या लहरीनेच पेट घेतो! विज्ञान मात्र निराळेच सांगते. नायलॉनच्या कच्च्या मालासाठी वापरल्या जाणाऱ्या सायक्लोहेक्झेनची वाफ हवेत सुमारे १.३ टक्क्यांहून कमी असली तर पेटत नाही. सुमारे ८ टक्क्यांहून अधिक झाली तर प्राणवायू अपुरा पडतो. या दोन आकड्यांच्या दरम्यान मात्र एक ठिणगी पुरते. वरच्या मर्यादेवर विसंबणेही व्यर्थ होय. कारण गळतीतून उठलेला मेघ पसरताना कडेला विरळ होतो आणि घातक टप्प्यात येतोच.

हे ज्ञान उपलब्ध असतानाच इंग्लंडमधील फ्लिक्सबरोची दुर्घटना घडली. मार्च १९७४ मध्ये तेथील पाचव्या रिॲक्टरला तडा गेला. तो काढून चौथा आणि सहावा रिॲक्टर २० इंची नळाने जोडण्यात आला व उत्पादन पुन्हा चालू झाले. त्या नळाचा आराखडा कोणता? कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती! कारखान्याच्या मुख्य यंत्र-अभियंत्याची जागा तेव्हा रिकामीच होती. १ जून रोजी तो नळ निखळला. दाबाखाली १५५ अंशांपर्यंत तापलेले द्रव्य बाहेर पडताच त्याची वाफ झाली, मेघ पेटला आणि २८ जणांचा बळी गेला. त्यांतील १८ जण नियंत्रण कक्षात होते. तो शनिवार नसता तर मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता.

या कारखान्यात डच सरकारी खाण कंपनी आणि ब्रिटनचे राष्ट्रीय कोळसा मंडळ भागीदार होते, हेही विसरून चालणार नाही. मालकी सरकारी झाली म्हणून उत्पादनाची घाई आपोआप थांबत नाही. ती थांबवू शकणारा अधिकार यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती हवा.

आपल्या देशात हा धडा १९८४ च्या भोपाळनंतर कायद्यात उतरला. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समित्या आल्या आणि नजीकच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. परंतु सूचना देणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतले जाईल, याची हमी कोण देणार? ती हमी संघटित कामगारशक्तीच देऊ शकते. वायूची मर्यादा निसर्गाने ठरविली आहे. घाईची मर्यादा कामगारांनाच ठरवावी लागेल.