वीज कीं संगणक?

बारावीचा निकाल लागला कीं बारामती-इंदापूरच्या बागाइती गांवांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: मुलास विद्युत्-अभियांत्रिकीस घालावें कीं सॉफ्टवेअरच्या शाखेस? बहुतेकांचा कल दुसरीकडे असतो. कारण हिंजवडीच्या पगाराचे आंकडे गांवांत लवकर पोंचतात. हा पगार आरंभीं पुष्कळदां अधिक असतो, हें खरें. पण मागणी घटतांच नोकरकपातहि तितक्याच त्वरेनें होते, हें २०२३ सालीं जगानें पाहिलें. उसाचें बिल फीसाठीं मोडणाऱ्या बंधूंनीं म्हणून थोडा विचार करावा.

उजनीच्या फुगवट्याचें पाणी इंदापूरच्या शेतांत चढतें तें विजेच्या मोटारीनें. तीनपैकीं एक फेज गेली, कीं उरलेल्या दोहोंवर प्रवाहाचा भार वाढतो, गुंडाळी तापते व मोटार जळते. हें कां होतें व कसें टाळावें, हें विद्युत्-अभियंता शिकतो. कारखान्यांतील बगॅसवरची वीजनिर्मिति, सौरपंप व रोहित्रें हींहि त्याचींच क्षेत्रें होत.

संगणकविद्येस आम्ही कमी लेखीत नाहीं. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें २०२४ सालीं उसांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग शेतकऱ्यांपुढें मांडला. जमिनींतील ओल, हवामान व उपग्रहाचीं छायाचित्रें यांवरून पाणी केव्हां व किती द्यावें, याचा सल्ला त्यांत मिळतो. परंतु सल्ला मिळूनहि पंप बंद असेल, तर पीक वाळणारच. दोन्ही विद्या एकमेकींस पूरक आहेत.

तरीहि निवड करावीच लागते. आमचें मत असें: ज्या मुलाचा वा मुलीचा कल निश्चित नाहीं, त्यांनीं विद्युत्-शाखा धरावी. संगणकाची आज्ञावली लिहिणें पुढें घरीं बसूनहि शिकतां येतें. यंत्रें व उच्च दाबाची वीज हाताळण्याची प्रयोगशाळा मात्र घरीं उभारतां येत नाहीं. ज्याचें मन मुळापासूनच गणितांत व तर्कांत रमतें, त्यास मात्र संगणकाकडे जाण्यास अडवूं नये.

प्रवेशापूर्वीं महाविद्यालय स्वतः पहावें. प्रयोगशाळेंतील यंत्रें चालतात काय, व मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज काय करितात, हें विचारावें. उसाचें वाण निवडतांना आपण शेजाऱ्याच्या उताऱ्यावर न जातां आपली जमीन पाहतों. मुलाच्या शिक्षणांतहि तेंच धोरण ठेवावें.